छापखाना घरच्या ओट्यावर

२००३ साली माझ्या धाकट्या बहिणीचा मंगल परिणय ठरला. वडिलांनी पत्रिकेचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला. वर तथागतांची प्रतिमा, तिच्याखाली वंदनेची ओळ, मग वर-वधूंची नावे, विहाराचा पत्ता, मंगल परिणयाची वेळ. मजकूर घेऊन आम्ही बाप-लेक शहरातील एका छापखान्यात गेलो. मालकांनी कागद वाचला, मान डोलावली, आगाऊ रक्कम घेतली. ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा दोनशे पत्रिकांचा गठ्ठा हाती आला. घरी आणून सोडला, तर प्रत्येक पत्रिकेच्या डोक्यावर गणपती आणि त्याखाली ‘श्री गणेश प्रसन्न’! तथागतांचा पत्ता नाही.

वडील तसेच परत गेले. मालक शांतपणे म्हणाले, “अहो, साचा तयारच असतो. सगळे असेच छापून नेतात. त्यात एवढं काय बिघडलं?” त्यांच्या मनात वाईट होते, असे मी आजही म्हणणार नाही. पण ज्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या आहेत, ज्या घरातील लहान मुलालाही तिसरी प्रतिज्ञा पाठ आहे, त्या घराने ही पत्रिका वाटायची कशी? नव्याने छापायला पैसे नव्हते आणि दिवसही नव्हते.

त्या रात्री आईने मैद्याची खळ शिजवली. वडिलांनी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. बहिणीने, म्हणजे प्रत्यक्ष नवरीने, दोनशे पत्रिकांवर त्या चिकटवल्या आणि मी निळ्या बॉलपेनने प्रत्येक पट्टीवर पिंपळाचे पान काढत बसलो. पहिली वीस-पंचवीस पाने बरी निघाली. पुढे पुढे पिंपळाचे वांगे झाले. खळीने कागद आकसला, पत्रिकांना सुरकुत्या पडल्या, आणि उजेडासमोर धरली की पट्टीआडून सोंड दिसायची ती दिसायचीच. गावाकडच्या आत्याने विचारले, “हे काय चिकटवलंय रे बाबा?” वडिलांनी तिला सगळे सांगितले. पुढे जो जो विचारी, त्याला त्याला सांगितले.

आमच्या विहाराच्या अंगणात तेव्हाही पिंपळ होता. त्याचे पान शाई लावून कागदावर दाबले तर ते स्वतःच स्वतःचे चित्र काढते, आणि दोनशे पाने काढायला एका संध्याकाळहून जास्त वेळ लागत नाही, हे आम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

वाचक बंधू-भगिनींनो, छपाई म्हटले की आपल्याला यंत्र आठवते. मी तर नाशिकरोडचा. आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटा आणि स्टॅम्प छापणारी सरकारी प्रेस. तिच्या भोंग्यावर आम्ही घड्याळ लावलेले. पण छपाईला यंत्र लागतेच असे नाही. ठसा, शाई, कागद आणि दाब एवढे चार असले की छपाई होते. यंत्र फक्त दाब देते. तो दाब हाताचा तळवा देतो, स्टीलचा चमचा देतो, पोळीचे लाटणे देते. मी कारकून माणूस. माझा निम्मा दिवस शिक्के मारण्यात जातो. रबरी शिक्का म्हणजे तरी दुसरे काय? बिनयंत्राची छपाईच की!

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. जगातील सर्वांत जुना, छापल्याची तारीख ज्यावर आहे असा संपूर्ण छापील ग्रंथ कोणता, ठाऊक आहे? तो आहे ‘वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता’ या बौद्ध सूत्राचा चिनी अनुवाद. इ. स. ८६८ मध्ये छापलेली ही सुमारे सोळा फूट लांबीची गुंडाळी चीनमधील तुन-हुआंग येथील लेण्यांत मिळाली. १९०७ साली ऑरेल स्टाइन यांनी ती नेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लाकडाच्या फळ्यांवर अक्षरे उलटी कोरायची, शाई लावायची, वर कागद ठेवून पाठीमागून कुंच्याने घासायचे, अशी तिची छपाई. यंत्र नाही. गुंडाळीच्या शेवटी छापवून घेणाऱ्याने लिहून ठेवले आहे की, हे आपल्या आई-वडिलांच्या वतीने, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी केले आहे. साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या एका उपासकाची ही कौटुंबिक छपाई! कोरियातील हेइन्सा विहारात संपूर्ण त्रिपिटकाचे तेराव्या शतकात कोरलेले ८१,२५८ लाकडी ठसे आजही फळ्यांवर रचून ठेवलेले आहेत. फार लांब कशाला, मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत आणि तिकडे नालंदा येथेही मातीच्या लहान मुद्रा सापडल्या आहेत. ओल्या मातीवर ठसा दाबून उमटवलेली तथागतांची प्रतिमा आणि धम्माची गाथा. कुंभाराच्या मातीवर झालेली ती छपाईच.

मधल्या काळात काय झाले, ते मी नव्याने सांगायला नको. अक्षरच आपल्यापासून तोडले गेले. मग ठसा कुठला आणि शाई कुठली? आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला एकच छपाई आली, ती डाव्या अंगठ्याची. परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही त्याची साधी जाहिरात छापायला त्या काळच्या एका नामांकित पत्राने नकार दिला होता. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाला, तेव्हा त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहून काढीत. पुढे भारतभूषण छापखाना उभा राहिला आणि भैयासाहेब त्याचे काम पाहू लागले. छापखाना दुसऱ्याच्या हातात असला की काय होते, हे त्यांनी अनुभवले होते. आम्ही ते दोनशे पत्रिकांवर अनुभवले.

आता मुद्द्याचे. पिंपळाच्या पानापासूनच सुरुवात करू, कारण त्याला कोरावे लागत नाही आणि बालवाडीच्या मुलालाही ते जमते.

पान हिरवे आणि जून घ्यावे. कोवळे पान शाईने लगेच मऊ पडते आणि वाळलेले तडकते. एक रात्र रद्दी वर्तमानपत्रांत ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत, म्हणजे ते सपाट होते. पानाची पाठ पाहा. शिरा तिकडे उठून असतात, म्हणून रंग पाठीला लावायचा. पोस्टर कलर पाण्याने पातळ करू नका, पातळ रंग शिरांच्या मधल्या जागेत उतरतो आणि नुसता डाग उमटतो. मैद्याची पातळ खळ गार करून रंगात निम्म्याने मिसळावी आणि औषधाच्या दुकानातील ग्लिसरिनचे चार थेंब घालावेत. खळीने रंग पानाला धरून राहतो, ग्लिसरिनने लवकर सुकत नाही. सुती फडक्यात कापूस बांधून लिंबाएवढी पुरचुंडी करायची आणि तिने रंग टिपत टिपत लावायचा. पुसायचा नाही. मग रंगाची बाजू वर ठेवून त्यावर कार्ड अलगद ठेवायचे, एका हाताने धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी देठापासून टोकापर्यंत घासायचे. कार्ड हलले की सगळे बिघडले. पहिला ठसा नेहमी गडद आणि चिखलासारखा येतो, त्याने खट्टू होऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या ठशाला एकेक शीर मोजता येईल अशी उमटते. एक पान दहा-बारा ठसे देते. पिंपळाच्या पानाची ती लांब शेपटी आधी मोडते, म्हणून पाने दुपटीने जमवून ठेवा.

भेंडी आणि बटाटा बहुतेकांनी शाळेत केला असेल. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल आयते मिळते. बटाट्यात आकार कोरता येतो, पण त्याला पाणी सुटते. कापल्यावर दहा मिनिटे फडक्यावर पालथा ठेवला तरच रंग धरतो. आणि दुसऱ्या दिवशी तो भाजीच्याही कामाचा राहत नाही, एवढे माता-भगिनींच्या वतीने नोंदवून ठेवतो.

टिकाऊ ठसा हवा असेल तर रबर घ्या. स्लिपरचा झिजलेला तळवा प्रत्येक घरात निघतो. चपला दुरुस्त करणाऱ्या दादांकडे सोलच्या रबराचे तुकडे तर ढिगाने पडलेले असतात. आमच्या चौकातील दादांनी मला पिशवीभर तुकडे फुकट दिले, शिवाय रापी कशी धरावी तेही दाखवले. पाते स्वतःकडे ओढायचे नाही आणि दुसरा हात कधीही पात्याच्या पुढे ठेवायचा नाही. हे दोन नियम मी वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत. दहा-बारा वर्षांखालील मुलांच्या हाती पाते द्यायचेच नाही. त्यांनी रंग लावावा, कागद घासावा, दोरीवर वाळत घालावे. कामे भरपूर असतात. स्लिपरचे रबर आत जाळीदार असल्यामुळे पहिले दोन-तीन ठसे रंग पिऊन टाकते आणि फार बारीक रेघा त्यात टिकत नाहीत. मोठी अक्षरे, पान, चक्र यांना ते उत्तम. बारीक कामासाठी साधे खोडरबर बरे.

बारीक आणि मोठे असे दोन्ही काम हवे असेल तर लिनो. चित्रकलेचे सामान विकणाऱ्या दुकानात लिनोचे तुकडे आणि कोरण्या मिळतात. जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा यांपासून बनवून तागाच्या कापडावर थापलेली ही चादर मुळात फरशीवर अंथरण्यासाठी निघाली. घरात अंथरतो ते प्लास्टिकचे फ्लोअरिंग वेगळे, ते आणून फसू नका. लिनो थंडीत कडक होतो. दहा मिनिटे उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. गरीब माणसाचे माध्यम म्हणून थोर चित्रकारांनीही तो हाती घेतला आहे. चित्तप्रसाद हे मूळचे बंगालचे चित्रकार मुंबईत अंधेरीला राहात. राबणाऱ्या माणसांची, राबणाऱ्या मुलांची चित्रे त्यांनी लिनोवर कोरली. घरात यंत्र नसताना चित्राच्या अनेक प्रती निघतात आणि त्या कष्टकऱ्याच्या भिंतीवर जाऊ शकतात, हे त्यात महत्त्वाचे.

इथे माझी फजिती सांगितली पाहिजे. पहिला ठसा मी स्वतः कोरला. वळणदार अक्षरांत ‘जय भीम’. तीन रात्री गेल्या. बालसंस्कार वर्गाच्या मुलांसमोर ऐटीत कागद उचलला, तर सगळी अक्षरे उलटी! आरशात पाहावे तशी. वीस वर्षे शिक्के मारणाऱ्या माणसाला शिक्क्यावरची अक्षरे उलटी असतात हे आठवू नये? मुले पोट धरून हसली. एका मुलीने तो कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला आणि म्हणाली, “सर, इकडून बरोबर आहे.” तिनेच मला युक्ती दिली म्हणा ना. आता आम्ही अक्षरे पातळ कागदावर मऊ, काळ्या पेन्सिलीने सरळ काढतो, तो कागद लिनोवर पालथा ठेवतो आणि पाठीमागून चमच्याने घासतो. पेन्सिलीची पूड लिनोवर उतरते, तीच मुळी उलटी. तिच्याबरहुकूम कोरले की छाप सरळ येतो. ठसा आरशासमोर धरला तर कोरण्याआधीच चूक सापडते. आपल्या लिपीत शिरोरेघ ही मोठी सोय आहे. ती अखंड पट्टी म्हणून राखून ठेवली की अक्षरे सरळ ओळीत राहतात. वेलांट्या आणि उकार मात्र नाजूक, ते शेवटी कोरावेत. आमच्या ‘भी’ची वेलांटी दोनदा उडाली.

लिनोला छापखान्याची तेलाची शाई चांगली. काचेच्या तुकड्यावर किंवा जुन्या टाइलवर नखाएवढी शाई घ्यायची आणि लहान रबरी रूळ फिरवायचा. शाई नीट पसरली की रुळाखाली चट-चट असा बारीक आवाज येतो. आवाज ओला, फचफच येत असेल तर शाई जास्त आहे. हे ज्ञान माझे नव्हे. आमच्या गल्लीत प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते सुरुवातीला नुसते लांब उभे राहून पाहत. एके दिवशी पुढे येऊन त्यांनी रूळ माझ्या हातातून काढून घेतला. “साहेब, शाई कमी, दाब सारखा. नोट असो की पत्रिका, कायदा एकच.” तेव्हापासून शाईचे खाते त्यांच्याकडे आहे. कागदाच्या पाठीवर चमचा मधून कडेकडे गोल गोल फिरवायचा, आणि पूर्ण उचलण्याआधी एक कोपरा उचलून पाहायचे. फिके असेल तर कोपरा परत टेकवून पुन्हा घासता येते. तेलाची शाई वाळायला दोन-तीन दिवस लागतात. ठसा आणि हात धुवायला मुलांसमोर रॉकेल आणू नका. आधी गोडेतेल चोळावे, फडक्याने पुसावे, मग साबण. प्रत्येक कागदावर ठसा एकाच जागी यावा म्हणून पुठ्ठ्यावर काटकोनात दोन पट्ट्या चिकटवाव्यात आणि कागदाचा कोपरा त्यांत टेकवावा.

कापडावर किंवा भिंतीवर काही छापायचे असेल तर ठसा न कोरता जाळी कापावी. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये अक्षर कापायचे, फिल्म कापडावर ठेवून स्पंजच्या तुकड्याने कापडाचा रंग टिपायचा. इथे उलट-सुलट काही नाही, सरळ अक्षर सरळच उमटते. अडचण वेगळी. ‘ब’चे पोट कापताना गळून पडते. ‘म’चेही तेच, कारण वरून शिरोरेघ त्याला बंद करते. पोटाला जोडून ठेवणारी एक बारीक पट्टी सोडावी लागते. ‘भ’ची रेघ वरून तुटलेली असल्याने तो तेवढा त्रास देत नाही. चक्र कापायचे असेल तर गोल कागदाच्या तीन वेळा अर्ध्या-अर्ध्या घड्या घाला. अष्टांगिक मार्गाच्या धम्मचक्राचे आठ भाग आयते मिळतात. त्याच आठव्या भागाचे पुन्हा तीन भाग केले की अशोकचक्राचे चोवीस. आमच्या एका कलाकाराने घाईत बावीस आरे कापले होते. फिल्म वाया गेली, पण आरे किती ते आता तो झोपेतही सांगेल.

हे सगळे सुरू झाले २०२५ च्या भीमजयंतीच्या बैठकीत, आणि ते गोडीगुलाबीने झाले नाही. मी बी.कॉम. असल्यामुळे विहार समितीचा हिशोब माझ्याकडे असतो. आदल्या वर्षीच्या खर्चातील जवळजवळ तिसरा हिस्सा फ्लेक्स बॅनरवर गेला होता. एका बॅनरवर मी चेहरे मोजले, एकवीस भरले. बाबासाहेब एका कोपऱ्यात! मुलांच्या कार्यक्रमासाठी मात्र बिस्किटांपुरते पैसे उरले होते. मी प्रस्ताव मांडला की निमंत्रणे मुलांनी घरी छापावीत आणि बॅनरचे पैसे अभ्यासिकेच्या पुस्तकांना द्यावेत. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते एकदम उसळले. “आमच्या लहानपणी आम्हाला गावात मिरवणूक काढू दिली नाही. आज रस्त्यावर बाबासाहेबांचा वीस फुटी फोटो लागतो, तो बघून छाती भरून येते. आणि तुम्ही बटाट्याचे ठसे वाटणार? लोक म्हणतील, यांना छापायलाही पैसे नाहीत.”

त्यांचे बोलणे मला लागले, कारण ते खोटे नव्हते. हातचे ते गरिबाचे आणि यंत्राचे ते इभ्रतीचे, असे आपल्याला वाटते, त्याला कारण आहे. उष्टे, उरलेले, ठिगळाचे फार झाले आपल्या वाट्याला. मी उत्तर दिले नाही. पुढच्या बैठकीत मुलांनी केलेली दहा कार्डे त्यांच्यासमोर ठेवली. पांढऱ्या कार्डावर निळ्या रंगात पिंपळाचे पान, खाली लिनोचे ‘जय भीम’. त्यांनी एक उचलले, चष्मा पुसून पाहिले, पाठीमागून पाहिले. “हे यंत्रानं नाही केलं?” नाही म्हटल्यावर विचारले, “कुणी?” त्यांच्याच नातीने. पाचवीत आहे. मग तडजोड झाली. वीस फुटी बॅनर एकच लावायचा, त्यावर फक्त बाबासाहेब, दुसरा एकही चेहरा नाही. बाकी सगळे घरी छापायचे. एकवीस चेहऱ्यांपैकी काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत, तो भाग निराळा.

त्या पंधरवड्यात विहाराच्या मागच्या खोलीत दोऱ्या बांधल्या होत्या आणि कपड्यांच्या चिमट्यांना तीनशे कार्डे लटकत होती. एकूण सामान तीनशे रुपयांच्या आसपास आले. लिनो, दोन कोरण्या, रंग, ग्लिसरिन आणि रूळ. कार्डाचा कागद वेगळा. तोही एका उपासकाने दान दिला.

खळ शिजवायचे काम आमच्या वस्तीतील एका आजींनी घेतले होते. वय सत्तरीच्या पुढे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. समितीकडून काही पैसे घेतले की पावतीवर अंगठा लावतात. मुलांना खळ देऊन त्या तिथेच बसून राहत आणि टकामका पाहत. एके दिवशी त्यांनी स्लिपरच्या रबराचा एक तुकडा उचलला आणि त्या उलट्या अक्षरांच्या मुलीला म्हणाल्या, “माझं नाव काढून दे यावर.” मुलीने पेन्सिलीने तीन अक्षरे उतरवून दिली. कोरले मात्र आजींनी स्वतः, विळीवर भाजी चिरलेल्या हाताने, चार दुपारी बसून. एकेक अक्षर कुठून सुरू होते आणि कुठे वळते, ते त्या मुलीला पुन्हा पुन्हा विचारीत. मधले अक्षर कोरताना एकदा चुकून निघाले, मग दुसरा तुकडा घेतला.

जयंतीनंतर हिशोब मिटवायला बसलो. मैदा आणि गॅस धरून आजींना एकशे चाळीस रुपये द्यायचे होते. मी पावती पुढे केली आणि सवयीने शाईचे पॅडही सरकवले. आजींनी अंगठा पुढे केला नाही. पदराची गाठ सोडली, रबराचा तुकडा काढला, पॅडवर दाबला आणि पावतीवर उमटवला. तीन अक्षरे. शेवटचे उलटे. ही नेहमीची सही नव्हे, हे मला कळते. शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि पावती वहीत लावली.